काकूंची उमेदवारी

खोली बघायला गेलो तेव्हा काकूंनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग सतरंजी घातली, आणि बाबा भाड्याचं विचारणार एवढ्यात हात वर करून त्यांना थांबवलं.

"आधी ऐका, मग ठरवा," त्या म्हणाल्या. "मी जेलमध्ये होते. सात वर्षं. माझ्या जावेला मी जिन्यावरून ढकललं, त्यात ती गेली. आता बोला."

बाबांच्या हातातला पेला हातातच राहिला. आम्ही मिरजेहून आलेलो. मला नौपाड्यातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती, ठाण्यातली भाडी परवडत नव्हती, म्हणून कल्याणात खोली शोधत होतो. बाबांनी समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

खाली उतरल्यावर मी त्यांच्यावर चिडले. ते म्हणाले, "जे चार महिन्यांनी शेजारणीकडून कळलं असतं, ते बाईने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. अजून काय कळायचं राहिलंय?" मला ते पटलं नाही. पहिला आठवडा मी दाराला आतून कडी घालून, वर खुर्ची लावून झोपत असे. काकूंच्या खोलीचं दार मात्र कायम उघडं. त्या आतून कडी घालत नसत. बाहेरून बंद झालेली दारं इतकी वर्षं बघितल्यावर आपल्या हाताने दार बंद करायचं नाही, असं त्यांनी सुटून आल्यावर ठरवलं होतं. घर माहेरचं होतं, आईवडिलांच्या मागे त्यांच्याकडे आलेलं. नवरा त्या आत असतानाच वारला होता. मूल नव्हतं.

त्या ब्लाउज शिवायच्या. शिवण जेलमध्येच शिकल्या, पण हात असा की लांबून बायका यायच्या. नवीन गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यात अडकवून त्या उभ्या राहायच्या आणि माप घेण्याआधी तेच वाक्य. काही बायका कापड घेऊन परत जायच्या. एकदा एका नवरीच्या आईने बस्त्यातलं कापड मशीनवरून ओढून घेतलं. काकूंनी ते तिच्या हातून घेतलं, नीट घडी केली, पिशवीत घातलं, रंगाला जुळणारं दोऱ्याचं रीळही टाकलं. "दुसरीकडे हा रंग मिळायचा नाही," एवढंच म्हणाल्या. नव्या गॅसवाल्यालाही त्यांनी असंच थांबवून सगळं ऐकवलं होतं. तो सिलेंडर खांद्यावर घेऊन उभा. "काकू," तो म्हणाला, "ते ठीके, पण ओटीपी बोला ना आधी." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

जिन्यावर मात्र त्या कधी हसल्या नाहीत. जिन्यात समोरून कुणी आलं की त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत अडकवलेली. माणूस पुढे गेल्याशिवाय हात सुटायचे नाहीत. लहान मूल असलं तरी तेच. नव्या भाडेकरूंना वाटायचं, म्हातारी देवभोळी आहे, विटाळ पाळते.

हे सगळ्यांना का सांगत सुटता, असं मी एकदा विचारलं होतं. दमून आले होते, त्यामुळे जरा तुटकच विचारलं. त्या हुकं लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पकडलं तेव्हा मी 'पाय घसरला तिचा' असं सांगितलेलं. वकिलाने पण तेच पाठ करून घेतलं. रोज सांगायचे. मग एके दिवशी मला ते दिसायलाच लागलं, तिचा पाय घसरताना. चप्पल सुटताना. मी घाबरले. म्हटलं, आता हे असंच राहिलं तर खरं काय ते माझ्याजवळ पण उरणार नाही. कोर्टात उठून सांगितलं, मी ढकललं. वकील खूप बोलला मला. तेव्हापासून सांगते. एक दिवस नाही सांगितलं तर पाय घसरायला लागेल परत."

भांडण पाण्याचं होतं. सासरच्या चाळीत सार्वजनिक नळ खाली, बिऱ्हाड वर. हंडा आधी कुणी लावायचा यावरून दोन जावांची जुंपली, ती जिन्यापर्यंत गेली. एवढंच.

म्हणूनच की काय कोण जाणे, गल्लीचं पाणी हे काकूंचं व्रत होतं. पाणी आलं नाही की त्या शिवणाची पिशवी घेऊन प्रभाग कार्यालयात जायच्या आणि इंजिनिअरच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायच्या. ओरडणं नाही, अर्ज नाही.

"काकू, आज काय?" इंजिनिअर विचारायचे.

"आज काजं करायची आहेत. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते. पाणी सुटल्याचा फोन आला की उठेन."

त्यांना उठवणं कुणाला जमत नसे, कारण त्या काहीच करत नसत. शिपायांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून द्यायच्या. गटाराची झाकणं, कोपऱ्यावरचा दिवा, शाळेसमोरचा गतिरोधक, सगळं त्या बाकावर बसून झालं. आणि म्हणूनच, बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्याकडची जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा गल्लीतल्या बायका काकूंकडे आल्या. पुढे समोरच्या चाळीतली आशा सेविका होती. गल्लीतली प्रत्येक बाळंतीण तिच्या ओळखीची.

"काकू, तुम्ही उभ्या रहा ना. आम्ही फिरतो घरोघर. तुम्हाला काय करायला नको."

"मी शिक्षा झालेली बाई आहे."

"ते तर सगळ्यांना माहितीये!"

"माहिती असणं वेगळं, निवडून देणं वेगळं."

तळमजल्यावर आप्पा राहत. कोर्टातून निवृत्त झालेले अधीक्षक, स्वच्छ धोतर, शब्दही तसेच धुतलेले. काकूंवर त्यांचा जीव होता. डोळ्यांत थेंब घालायला त्यांना काकूच लागत. ते म्हणाले, "बाई, स्पष्ट बोलतो. ज्याला न्यायालयाने दोषी ठरवलं, त्याने लोकांच्या वतीने कारभार करायला बसू नये. तुमच्यासाठी मी हा नियम वाकवला, तर उद्या एखाद्या गुंडासाठीही वाकवावा लागेल. तो तर तुमच्याहून गोड बोलेल."

"तुमचं बरोबर आहे, आप्पा," काकू म्हणाल्या. "फक्त मला एक सांगा. शिक्षा संपते कधी?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "तुमची संपली. सुटल्यावर काही वर्षं उभं राहता येत नाही, तीही केव्हाच सरली. कायदा तुम्हाला अडवत नाही. मी माझ्या मनाचं सांगतोय. तुरुंगातून सुटलात म्हणजे लोकांकडे विश्वास मागायचा हक्कही परत मिळाला का, हे मला खरंच ठाऊक नाही."

काकू म्हणाल्या, "हे तुम्हाला मला विचारून नाही कळणार. ज्याला विचारायचं तो ठाण्यात राहतो."

जाऊ गेली तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. दिराने नंतर कल्याण सोडलं. मुलगा आता माजिवड्याला राहत होता, क्लासमध्ये विज्ञान शिकवत होता, हे काकूंना ठाऊक होतं. त्याला भेटायची हिंमत त्यांनी कधी केली नव्हती. रविवारी मला सुट्टी असे. "तू चल सोबत," त्या म्हणाल्या. "मी बोलायला लागले की थांबत नाही. जास्त बोलले तर पदर ओढ."

दार त्यानेच उघडलं. सडपातळ, डोळ्यांवर चष्मा, हातात खडू लागलेला फडका. काकू म्हणाल्या, "आधी ऐक..."

"माहितीये मला तुम्ही कोण ते," तो म्हणाला. "बसा."

त्या बसल्या नाहीत. घरात जिना नव्हता, तरी हात पाठीमागे गेले होते. निवडणुकीचं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "तू नको म्हणालास तर मी नाही उभी राहणार."

तो एकदम लाल झाला. "म्हणजे हे पण मीच ठरवायचं? हो म्हटलं तर लोक म्हणणार, पोराने माफ केलं. नाही म्हटलं तर म्हणणार, पोराने अडवलं. दोन्ही माझ्याच डोक्यावर? तुम्ही मला विचारायला आलात की माझ्याकडून सही घ्यायला आलात?"

काकूंचा चेहरा उतरला. "खरं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "हे तुझ्यावर टाकायला नको होतं मी." आणि वळल्या.

आम्ही दारात चपला घालत होतो तेव्हा तो मागून आला. आवाज आता खाली आला होता.

"कल्याणचं कुणी ना कुणी भेटतं मला. सांगतात, तुझी काकू काय खरी बाई आहे, स्वतःहून सांगते सगळं. मी ऐकून घेतो. सगळं म्हणजे काय सांगता तुम्ही? मी सात वर्षं जेलमध्ये होते. मी ढकललं. मी, मी. ऐकणाऱ्याला तुमची सात वर्षं कळतात. माझी आई कळते का कुणाला? तिचं नाव तरी घेता तुम्ही?"

काकूंनी मान हलवली. नाही.

"शालिनी," तो म्हणाला. "उभं राहायचं तर राहा, नाही तर नका राहू. कायदा राहू देतोय, मी कोण अडवणार? पण सांगायचं असलं तर सगळं सांगा."

आम्ही रिक्षाने परत आलो. घराजवळ उतरल्यावर, सुटे पैसे घेता घेता, त्यांनी ते नाव उच्चारून पाहिलं. "शालिनी." रिक्षावाल्याला वाटलं मलाच हाक मारली. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आशा सेविकेला बोलावून सांगितलं, उभी राहते. आप्पा संतापले. "निवडणूक ही प्रायश्चित्त घ्यायची जागा नव्हे, बाई!"

"नव्हेच. पण पाण्याची लाईन जुनी झालीये, ती बदलायचीच आहे. आणि चार लोकांत उभं राहून सांगायचंच, तर यापेक्षा बरी जागा मला कोण देणार?"

विरोधात होती एका माजी नगरसेवकाची बायको. तिचा नवरा जागेच्या मारामाऱ्यांच्या खटल्यांत वर्षानुवर्षं तारखांना जात होता. एकाही खटल्याचा निकाल लागला नव्हता, त्यामुळे फ्लेक्सवर त्याच्या फोटोखाली 'निष्कलंक नेतृत्व' असं बिनदिक्कत छापता येत होतं. अर्जांच्या छाननीला त्याच्या माणसाने, काकूंची बंदीची वर्षं अजून सरलेली नाहीत, अशी हरकत घेतली. तेव्हा काकूंच्या बाजूने कागद लिहून, ऊन डोक्यावर घेत, निवडणूक कार्यालयात कोण गेलं असेल? आप्पा. "मी तुमच्या विरोधातच आहे," त्यांनी बजावलं. "पण कायदा ज्याला उभं राहू देतो, त्याला असल्या लबाडीने बाद होऊ देणार नाही." हरकत फेटाळली गेली. काकूंनी शिलाई मशीन हे चिन्ह मागितलं होतं, मिळाला छताचा पंखा.

पहिली कोपरा सभा मारुतीच्या देवळासमोर झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक भाड्याचा माइक. काकू उभ्या राहिल्या. "आधी ऐका, मग ठरवा," त्यांनी सुरुवात केली. जेलचं सांगितलं, ढकलल्याचं सांगितलं. हे सगळं त्यांना पाठ होतं. मग त्या थांबल्या. माइकची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. लोकांना वाटलं भाषण संपलं, कुणीतरी टाळीही वाजवली.

"तिचं नाव शालिनी," काकू म्हणाल्या. "ती बालवाडीत शिकवायची. पोरांना चिमण्यांचे आवाज काढून दाखवायची, आणि घरी आल्यावर तिचा घसा बसलेला असायचा. तिला अबोली आवडायची. आमचं पटायचं नाही असं नाही. सणाच्या दिवशी आम्ही एकमेकींचे केस विंचरून द्यायचो. त्या दिवशी तिचं चुकत होतं, माझंही चुकत होतं. पण ढकललं मी. ती तीस वर्षांचीही नव्हती. तिला तिचं पोर शाळेत घालायचं होतं." परत थांबल्या. "हे ऐकून मत द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आता पाण्याचं बोलते."

पाण्याचं कुणी ऐकलं नाही. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष खाली बघत होते. एक म्हातारी उठून सरळ समोर आली. "बये, मला दोन सुना आहेत," ती म्हणाली. "तू चांगली असशील. पण उद्या त्या नळावर भांडल्या तर मी त्यांना काय सांगू? ढकलून द्या, नगरसेविका व्हाल?"

काकू म्हणाल्या, "आजी, मला मत देऊ नका. पण त्यांना माझं नाव सांगा. शालिनीचं पण सांगा."

आशा सेविका डोक्याला हात लावून बसली. "काकू, निदान पाण्याचं आधी बोला ना! बायका रडतात नि उठून जातात." काकूंनी क्रम बदलला नाही. प्रत्येक सभेत आधी शालिनी, मग पाणी. एकदा त्या माजी नगरसेवकाने आमच्याच गल्लीत जीपवर उभं राहून विचारलं, "खुनी बाईला मत देणार का तुम्ही?" वरच्या गॅलरीतून एका कपडे वाळत घालणाऱ्या बाईने उत्तर दिलं, "ते आम्हाला तिनेच सांगितलंय, साहेब. आता तुमचं पण तुम्ही सांगा." जीप पुढे गेली.

मला त्या दिवसांत खरंच वाटायला लागलं होतं की काकू निवडून येतील. त्या हरल्या. दुसऱ्या आल्या, पण बऱ्याच अंतराने. ती म्हातारी एकटी नव्हती, एवढं त्या मतांवरून कळलं. संध्याकाळी काकूंच्या खोलीत आम्ही बसलो होतो. आशा सेविका रडत होती, आप्पा कधी नव्हे ते पायऱ्या चढून वर आले होते. काकू मात्र मशीनवर होत्या. लग्नसराईचं काम साचलं होतं.

उघड्या दारातून तो आत आला, ठाण्याहून. काकूंनी पायडलवरचा पाय काढला.

"मी दोन सभांना आलेलो," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मागे उभा होतो. तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतो. मी इथला मतदार असतो ना, तरी तुम्हाला मत दिलं नसतं."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

"पण तुम्हाला उभं राहू दिलं नसतं, तर ते पण मला आवडलं नसतं. मला नीट सांगता येत नाहीये."

"नीटच सांगितलंस," आप्पा हळूच म्हणाले. "मला इतके दिवस जमलं नाही ते."

तो जाईल असं वाटलं. गेला नाही. मशीनसमोरच्या स्टुलावरचे ब्लाउज उचलून त्याने बाजूला ठेवले आणि तिथे बसला. चष्मा काढला, परत घातला.

"बाबा तिच्याबद्दल काही बोलत नाहीत," तो म्हणाला. "फोटो आहेत दोन. बाकी मला काही आठवत नाही. ते चिमण्यांचे आवाज काढायची वगैरे, मला माहीतच नव्हतं. सभेत, माइकवरून कळलं मला." तो थांबला. मग विचारलं, "तिचा आवाज कसा होता?"

आप्पा उठले. आशा सेविकेने डोळे पुसले आणि माझा हात धरला. आम्ही तिघंही बाहेर गॅलरीत आलो. आतून काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. त्या सावकाश, आठवून आठवून सांगत होत्या.

"जाड होता. बाईमाणसाला शोभत नाही म्हणून सासूबाई बोलायच्या तिला. पण तुला झोपवताना अगदी बारीक व्हायचा. भिंतीपलीकडून ऐकू यायचा मला. काय म्हणायची तेही सांगते, थांब. गाता नाही येत मला, नुसतं बोलून दाखवते."